कालव्यावरचा पाळणा

थोरलीला खोकला लागला तेव्हा धाकटीला आधी वाटलं, ही मुद्दाम खोकतेय.

तसं वाटायला कारण होतं. दोघी जावा, दोन सख्ख्या भावांना दिलेल्या, एकाच गाडीने या शहरात कामाला आलेल्या. बांधकामाच्या मागे कामगारांसाठी पत्र्याच्या खोल्यांची वस्ती होती. तिथे एकेका खोलीत मध्ये चादरी टांगून चार-चार कुटुंबं राहायची, आणि या दोघींच्या वाट्याला मिळून एक शेगडी आली होती. शेगडी एक आणि कारभारणी दोन म्हटल्यावर व्हायचं ते रोज होत होतं. थोरलीची जीभ कात्रीसारखी. धाकटीच्या भाजीचं झाकण उचलून ती म्हणायची, "पूर आलाय वाटतं. कुणी वाचलंय का बघते." आणि धाकटी शेगडीपाशी जरा रेंगाळली, की मागे उभी राहून असा घसा खाकरायची, की पलीकडच्या रांगेतल्या बायकाही दचकून आपली भांडी उचलायच्या.

म्हणून खोकला ऐकून धाकटी नुसती म्हणाली, "उठते हो अक्का, उठते."

पण थोरली शेगडीपाशी आलीच नव्हती. ती चादरीपलीकडे भिंतीला टेकून बसली होती आणि खोकला तिला सोडत नव्हता.

साथ तेव्हा वस्तीत पोचून बरेच दिवस झाले होते. ती विमानातून आली, असं बातम्यांत सांगायचे. वस्तीतल्या कुणी विमान आतून पाहिलेलं नव्हतं, तरी फाटक बंद झालं ते वस्तीचं. काम थांबलं. वस्तीतून बाहेर जायचा रस्ता एकच, शेजारच्या इमारतींच्या मधून जाणारी गल्ली. त्या गल्लीच्या तोंडाशी रहिवाशांनी उंच पत्रे ठोकले, पुढे सिमेंटचे ठोकळे लावले आणि दोन रखवालदार बसवले. दुसऱ्या बाजूला कालवा, भिंतीसारख्या सरळ काठांचा, खोल आणि रुंद. कालव्यापलीकडे मोठा रस्ता. तो इथून दिसायचा, पण तिथे जाता यायचं नाही.

त्या गल्लीतल्या इमारतींच्या स्लॅबवर धाकटीने स्वतः पाणी मारलेलं. तेच तिचं काम. स्लॅब ओतला की तो तडकू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ नळी धरून त्याला भिजवत राहायचं. आता त्याच स्लॅबखाली राहणाऱ्या लोकांकडे तपासणीची गाडी यायची. पांढऱ्या कपड्यातली माणसं दारोदार जाऊन नाकात काडी घालायची, बोटाला चिमटा लावून काहीतरी बघायची, औषधांच्या पिशव्या द्यायची. वस्तीत कंपनीचा डॉक्टर एकदाच आला. फाटकाबाहेर उभं राहून त्याने गोळ्यांचं पाकीट आत दिलं आणि सांगितलं, ज्याला ताप येईल त्याने वेगळ्या खोलीत राहायचं, संडास वेगळा वापरायचा.

"वेगळी खोली?" थोरली तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली होती. "आधी वेगळी उशी द्या म्हणावं."

सगळे हसले. नंतर सुतारकाकांना ताप भरला. माणूस वयाने मोठा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दम लागायला लागल्यावर पोरांनी खोलीचं दार काढून त्यावर त्यांना निजवून गल्लीच्या पत्र्यापर्यंत नेलं. रखवालदार म्हणाले, वरून हुकूम नाही. फोन झाले. हुकूम येईपर्यंत ऊन कलंडलं. सुतारकाका पत्र्याच्या सावलीतच गेले. ते दार त्यांनीच बनवलेलं होतं.

त्या रात्रीपासून वस्तीत कुणी मोठ्याने बोलेना.

सुतारकाकांच्या खोलीत क्रेन चालवणारा राहायचा. बांधकामावर एक उंचच उंच क्रेन उभी होती. तिच्या खांबाच्या टोकाशी काचेची केबिन होती आणि त्यातून तो माणूस दिवसभर तिचा लांब हात फिरवायचा. सकाळी उजाडायच्या आत शिडीने वर जायचा आणि अंधार पडल्यावर उतरायचा. त्यामुळे खालच्यांनी त्याचं तोंड असं कधी धड पाहिलंच नव्हतं. सगळे त्याला वरचा म्हणायचे. त्यावरून विनोदांना तोटा नव्हता. सळईचा भारा जागेवर उतरला की कुणीतरी हात जोडून म्हणायचं, "वरच्याची कृपा." धाकटीचा नवरा सिग्नलवाला, म्हणजे खाली उभा राहून वॉकीटॉकीवरून क्रेनवाल्याला डावीकडे-उजवीकडे सांगणारा. तो म्हणायचा, "माझं रोज वरच्याशी बोलणं होतं. तुमचं काही मागणं असेल तर सांगा."

सुतारकाका गेले आणि दुसऱ्या दिवशी वरच्याला ताप आला. खोलीत अकरा माणसं उरली होती. त्याने कुणाला काही सांगितलं नाही. एक वळकटी पाठीला बांधली, पाण्याचा कॅन घेतला आणि तापातच ती सगळी शिडी चढून केबिनमध्ये जाऊन बसला. मग वॉकीटॉकीवर धाकटीच्या नवऱ्याला म्हणाला, "डॉक्टरसाहेबांना सांगा, वेगळ्या खोलीची सोय झाली."

तो तिथेच राहिला. दोरीला बांधून एक बादली जेवण घेऊन वर जायची आणि दुसरी खाली यायची. दुसरीबद्दल कुणी बोलायचं नाही. सकाळी उठल्याबरोबर माणसं तोंड धुवायच्या आधी अंगणात येऊन मान वर करायची. एवढ्या उंचावर, चारी बाजूंनी नुसतं आभाळ, त्यात काडेपेटीएवढी केबिन आणि आत तापाने फणफणलेला एक माणूस. का, तर खालच्या अकरा जणांना आपला श्वास लागू नये. धाकटीचा नवरा बटण दाबून विचारायचा, "आहात का?" थोडा वेळ नुसती खरखर. मग आवाज यायचा, "आहे." तेवढं ऐकलं की दिवस सुरू व्हायचा.

आणि आता थोरली.

तिच्या नवऱ्याने, म्हणजे थोरल्याने, तिला गोळ्या दिल्या. कपाळावर ओली पट्टी ठेवली. धाकटी काढा उकळून देत होती. थोरली कण्हत होती, पण कण्हतानाही काढ्याला नावं ठेवत होती, त्यामुळे धाकटीला धीर होता. मग एका सकाळी धाकटीने वाटीत भाजी घालून नेली. थोरलीने एक घास घेतला, गिळला आणि काही न बोलता वाटी खाली ठेवली.

तिने थोरलीचा हात हातात घेतला. नखं जांभळट दिसत होती. दोन शब्दांच्या मध्ये थोरलीला थांबून हवा शोधावी लागत होती.

"भाऊजी," धाकटी बाहेर येऊन थोरल्याला म्हणाली, "आता थांबायचं नाही. सुतारकाकांसारखं करायचं नाही."

थोरल्याने मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या माणसाने पत्ता विचारला. थोरल्याने सांगितला. तो म्हणाला, असा पत्ता इथे दिसत नाहीये. थोरल्याने इमारतींची नावं सांगितली. तो म्हणाला, त्या दिसतायत, पण तिथे तर आजच तपासणी झालीय. थोरला मोडून पडायच्या बेतात होता. धाकटीने फोन त्याच्या हातातून घेतला.

"साहेब, तुम्हाला कालवा दिसतो का?"

"दिसतो."

"मोठा रस्ता दिसतो?"

"हो."

"त्या रस्त्यावरून कालव्यापलीकडे एक उंच क्रेन दिसते. तिच्या समोर कालव्याच्या कडेला गाडी उभी करा. पेशंट आम्ही आणतो."

"कसा आणणार? मध्ये कालवा आहे ना?"

"ते आमच्यावर सोडा," धाकटी म्हणाली आणि तिने फोन ठेवला. कसं, ते तिलाही अर्धंच माहीत होतं. तिला एवढंच आठवत होतं, की गल्ली अरुंद म्हणून सळईचे ट्रक कधीच आत यायचे नाहीत. ते मोठ्या रस्त्यावर थांबायचे आणि क्रेन कालव्यावरून हात लांब करून सळई उचलून आणायची.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "सळई तिकडून इकडे येते. मग माणूस इकडून तिकडे का जाऊ नये?"

नवऱ्याने कमरेची वॉकीटॉकी काढली.

सुपरवायझर वस्तीतच अडकलेला होता. क्रेनला वीज देणाऱ्या जनरेटरची किल्ली त्याच्याकडे. तो ऐकून पांढराफटक पडला. "वेड लागलंय का? वारा किती आहे बघा. वर बसलेला माणूस स्वतः तापात आहे. पाळणा सुटला तर? मला जन्मभर आत घालतील."

"साहेब, सुतारकाकांसाठी कुणाला आत घातलं?" थोरला म्हणाला. तो रागाने नाही बोलला, खरंच विचारल्यासारखा बोलला.

सुपरवायझरने किल्लीच्या जुडग्याकडे बघितलं. मग मान खाली घालून जनरेटरच्या खोलीकडे चालायला लागला.

उंचावरच्या कामासाठी माणसं चढवायला एक लोखंडी पिंजरा होता, कमरेएवढ्या कठड्यांचा. त्याला सगळे पाळणा म्हणायचे. तो क्रेनच्या हुकाखाली ओढून आणला. फळीवर गादी टाकून थोरलीला निजवलं, सुरक्षेच्या पट्ट्यांनी बांधलं. तोपर्यंत सगळी वस्ती गोळा झाली होती. कोण कुठला, एकमेकांच्या भाषा धड न कळणारे, पण कुणी पट्टा आणला, कुणी उशी आणली, कुणी पाळण्याला दोर बांधून त्याची टोकं धरून उभे राहिले.

वॉकीटॉकीवर खूप वेळ नुसती खरखर होती. मग वरच्याचा आवाज आला, बारीक आणि ओला. "हात थरथरतायत माझे. खोटं कशाला बोलू."

धाकटीच्या नवऱ्याने मान वर करून केबिनकडे बघितलं.

"वारा पडेपर्यंत थांबू," वरचा म्हणाला. "वारा पडला, की हातही ऐकतील."

सगळे थांबले. पलीकडे मोठ्या रस्त्यावर रुग्णवाहिका येऊन उभी राहिली, तिचा दिवा फिरताना दिसत होता. थोरलीची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. पत्र्याच्या छपरांवर वाळत घातलेले कपडे फडफडत होते. धाकटी त्या कपड्यांकडे डोळे लावून बसली होती. हळूहळू एक बाही खाली आली. मग एक पदर. मग सगळी दोरी निपचित झाली.

"सोबत कोण जातंय?" वरच्याने विचारलं.

"मी," धाकटी म्हणाली आणि कुणी काही म्हणायच्या आत पाळण्यात चढून थोरलीचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

"उचला," तिच्या नवऱ्याने सांगितलं. "हळू. हळू. अजून हळू."

जमीन सुटली ते धाकटीला कळलंच नाही. आधी माणसांचे चेहरे दिसत होते. मग डोकी दिसायला लागली. मग छपरं. जिथे इतकी वर्षं भांडलो, कण्हलो, पाण्यासाठी रांगा लावल्या, ती सगळी वस्ती कुणी पत्र्याचा एक तुकडा टाकून दिल्यासारखी खाली पडली होती. दोर धरलेले थोरला आणि बाकीचे मुंगीएवढे झाले. आवाज खाली राहिले. तिने खाली बघितलं तर एक पक्षी पंख पसरून त्यांच्या पायाखालून गेला.

धाकटीने शहर कधी पाहिलंच नव्हतं. ती स्लॅबवर चढायची, पण तिथे नळी आणि पायाखालचं सिमेंट सोडून नजर कुठे जायची नाही. आज ते सगळं एकदम समोर उघडलं. इमारतींमागे इमारती, त्यांच्यामागे अजून इमारती, आणि त्या संपत होत्या तिथे निळसर डोंगरांची एक रेघ. एवढा पसारा, आणि एक माणूस चालताना दिसत नव्हता. चौकातले दिवे कुणासाठी नसताना लाल होत होते, हिरवे होत होते. सगळं शहर श्वास धरून बसल्यासारखं. तिला वाटलं, हे एवढं मोठं आहे आणि यातल्या कितीतरी भिंती आपण ओल्या ठेवल्यात. आपल्या नळीच्या पाण्याने त्या घट्ट झाल्यात. तिच्या अंगावर काटा आला. तो भीतीचा नव्हता.

गल्लीतल्या इमारतींच्या गॅलऱ्या आता त्यांच्या बरोबरीला आल्या होत्या. लोक बाहेर आले होते. कुणी ओरडत नव्हतं, कुणी फोन काढत नव्हतं. एक बाई हातात कप धरून उभी होती. कप ओठाला लागलेला, पण ती प्यायला विसरली होती. तिची आणि धाकटीची नजर भेटली, इतक्या जवळून, की तिच्या चष्म्याची एक काडी मोडकी आहे हेही दिसलं. इतकी वर्षं एकाच गल्लीने ये-जा करून दोघी एकमेकींना पहिल्यांदा बघत होत्या.

क्रेनचा हात वळला. पाळणा कालव्यावर आला आणि झुलायला लागला. एकदा इकडे, एकदा तिकडे. खाली काळं पाणी सरकत होतं. धाकटीने एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने थोरलीचा खांदा आवळून धरला. तिने वर बघितलं. केबिनच्या काचेमागे पुढे वाकलेली एक सावली होती. क्रेनचा हात एक वीतभर त्यांच्या झोक्याच्या मागे गेला, मग एक वीत पुढे, रडणाऱ्या पोराला निजवताना आई जशी त्याच्या लयीत शिरून त्याला शांत करते तसा. झोका लहान झाला. अजून लहान झाला. आणि मग पाळणा इतका स्तब्ध लोंबत राहिला, की धाकटीला थोरलीच्या नाकातून येणारी बारीक शीळ ऐकू यायला लागली. एवढं लोखंड, एवढी उंची, आणि ते सगळं त्या तापलेल्या माणसाच्या बोटांत होतं. त्याने ते कसं पेललं असेल, ते तिच्या बुद्धीत मावेना.

थोरलीने डोळे किलकिले केले. तिला फक्त आभाळ दिसलं.

"धाकटे... कुठं चाललोय?"

"दवाखान्यात, अक्का."

थोरलीने जरा वेळ हवा गोळा केली. "मग... एवढं वर कशाला?"

धाकटीला हसू फुटलं आणि त्याच्याबरोबरच रडूही. ते थांबायच्या आत पाळणा पलीकडच्या काठावर टेकला. तो इतका अलगद टेकला, की थोरलीच्या अंगावरची चादरही हलली नाही.

रुग्णवाहिकेपाशी पांढऱ्या सूटमध्ये एक बाई उभी होती. तिचे दोन्ही हात बाजूला तसेच लोंबत होते. साथ सुरू झाल्यापासून तिने काय काय पाहिलं असेल देव जाणे, पण ती मान वर करून क्रेनकडे बघत होती आणि तिचे डोळे भरले होते. मग एकदम भानावर येऊन ती धावली. "आधी ऑक्सिजन," ती म्हणाली. तिने थोरलीच्या बोटाला चिमटा लावला आणि आकडा बघून जिभेने चुक् केलं. थोरलीच्या तोंडावर नळीचा मास्क बसला. गाडी हलली. धाकटी थोरलीच्या नखांकडे बघत बसली. हॉस्पिटल येता येता त्यांचा जांभळा रंग सरकायला लागला. हवा तर सगळीकडेच असते, मग ती माणसापर्यंत पोचायला एवढी खटपट का लागावी, असं तिच्या मनात येऊन गेलं.

हॉस्पिटलच्या दारात खुर्चीवरच्या माणसाने कार्ड मागितलं. धाकटी म्हणाली, कार्ड कंपनीकडे असतं, कंपनीचं ऑफिस बंद आहे. तो म्हणाला, मग बाजूला थांबा. सूटमधली बाई पुढे झाली.

"हिला मी कुठून आणलंय माहितीये?"

"कुठून?"

"त्या तिथून." तिने क्रेनकडे बोट दाखवलं. लांबवर ती आभाळात उभी होती. "तिला क्रेनने उतरवलंय. कालव्यावरून. आता तू तिला बाजूला थांबव, मी इथेच उभी राहून बघते."

माणूस क्रेनकडे बघत राहिला आणि स्ट्रेचर आत गेलं.

आतल्या डॉक्टरीणबाई थोरलीला तपासून म्हणाल्या, "दोन दिवस आधी आणायला हवं होतं."

"आम्ही तिथेच होतो, बाई," धाकटी म्हणाली. "आम्ही कुठेच गेलो नव्हतो."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं.

धाकटीचीही तपासणी झाली. तिला साथ लागलेलीच होती, पण हलकी. तिला हॉस्पिटलच्या मागच्या मोठ्या हॉलमध्ये ठेवलं. तिथे एकेकाला एक खाट, दोन खाटांच्या मध्ये माणूस आडवा झोपेल एवढी जागा, डोक्याशी पाण्याची बाटली. पहिल्या रात्री धाकटीला झोप लागेना. आयुष्यात कधी तिच्या चारी बाजूंना एवढी मोकळी जागा नव्हती. हात लांब केला तर कुणालाच लागत नव्हता.

तिची खाट खिडकीशी होती. खिडकीतून क्रेन दिसायची. काम बंद असलं की क्रेनचा हात मोकळा सोडतात, तो वाऱ्याबरोबर कुठेही वळतो. हे धाकटीला माहीत होतं. म्हणून दुसऱ्या सकाळी तो हात वाऱ्याच्या उलट वळला आणि कालव्यावर येऊन थांबला, तेव्हा ती खाटेवर ताडकन उठून बसली.

"आणतायत," ती म्हणाली.

"कुणाला?" शेजारच्या खाटेवरच्या बाईने विचारलं.

"माहीत नाही. पण कुणालातरी आणतायत."

तिने सगळं सांगितलं. ऐकणारी शहरातलीच, चांगल्या घरातली. तिच्या दारात गाडी आली होती आणि तिला फक्त जिना उतरावा लागला होता. त्या दिवसापासून हॉलमधली जी माणसं उठू शकत होती ती सकाळी खिडकीपाशी यायची. डॉक्टर, झाडूवाल्या, पेशंट, सगळे. क्रेनचा हात कालव्यावर येऊन थांबला, की सगळ्यांची बोलणी आपोआप थांबायची. झोका शांत व्हायला लागतो तेवढा वेळ कुणी हलायचं नाही. मग हात खाली झुकायचा आणि कुणीतरी सुस्कारा सोडायचं. थोड्या वेळाने रुग्णवाहिकेचा आवाज यायचा. रोज कुणी ना कुणी यायचं. एक प्लंबर, एक स्वयंपाकीण, दोघं भाऊ एकाच पाळण्यातून. ते सांगायचे, वरच्याचा खोकला वाढलाय. ते सांगायचे, तो आता खालून येणाऱ्या आवाजालाच उत्तर देतो, स्वतःहून काही बोलत नाही.

मग एका सकाळी हात वळला नाही. सगळे उभे राहिले. ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं. क्रेनचा हात वाऱ्याबरोबर आपल्या मनाने फिरत राहिला. शेजारच्या खाटेवरच्या बाईने धाकटीचा हात धरला आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या.

झालं होतं ते असं, की गल्लीचे पत्रे निघाले होते. ते कुणी काढले याबद्दल वस्तीत पुढेही एकमत झालं नाही. कुणी म्हणतं मोठ्या साहेबांनी हुकूम दिला, कुणी म्हणतं गल्लीतल्याच लोकांनी पहाटे येऊन खिळे उपटले आणि कुणाशी न बोलता निघून गेले. ते काही असो, रुग्णवाहिका पहिल्यांदा वस्तीच्या फाटकात आली. धाकटीच्या नवऱ्याने वॉकीटॉकीवर सांगितलं, "रस्ता खुला झाला. आता तुम्ही उतरा." वरचा म्हणाला, "नक्की? अजून कुणी राहिलं नाही ना?" दोनदा विचारून खात्री झाल्यावर तो शिडीला लागला. त्याला उतरायला इतका वेळ लागला, की खाली उभ्या असलेल्यांना मान अवघडल्याचंही भान राहिलं नाही. शेवटच्या पायरीवरून त्याने पाय जमिनीवर ठेवला आणि लोक मागे सरकले.

हे धाकटीला नंतर कळलं. तिला दिसलं ते एवढंच, की संध्याकाळी हॉलच्या दारातून एक बुटका, सुकलेला माणूस चाकाच्या खुर्चीतून आत आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. नर्सने त्याला नाव विचारलं. तो बोलला आणि धाकटी उठून उभी राहिली. ती त्याला तोंडाने ओळखत नव्हती, पण तो आवाज तिने कुठेही ओळखला असता.

ती त्याच्यापर्यंत गेली. इतके दिवस मनात कितीतरी साठवलं होतं. त्यातलं एकही आठवेना.

"जेवलात का?" तिने विचारलं.

त्याने हळूच विचारलं, "तुम्ही पहिल्या पाळण्यातल्या ना? त्या बाई कशा आहेत?"

"आहेत," धाकटी म्हणाली. "मशीनवर आहेत, पण आहेत."

त्याने मान हलवली. खाटेवर आडवा झाला आणि तिच्यासमोरच त्याला झोप लागली. नर्सने त्याच्या नाकाला नळी लावली. धाकटी तिथेच स्टुलावर बसून राहिली. त्याचे दोन्ही हात चादरीवर उताणे पडले होते. लहान होते ते हात, बायकांसारखे बारीक बोटांचे. झोपेतही बोटं मधूनच किंचित हलत होती, जरा मागे, जरा पुढे, कुणाला तरी अजून पलीकडे उतरवत असल्यासारखी. धाकटीला त्या हातांवरून नजर काढता येईना. येणारे-जाणारे एकेक करून तिच्या मागे येऊन थांबत होते, बघत होते आणि पाय न वाजवता निघून जात होते.

थोरली वाचली. मशीनवरून निघाली तेव्हा निम्मी झाली होती आणि तिच्या आवाजातली धार गेली होती. ती धार पुढे कधी पुरती परत आली नाही. जिना चढताना तिला मध्ये बसावं लागतं, अजूनही. पण ती वाचली. हॉलमध्ये तिला खुर्चीतून आणलं त्या दुपारी वरचा झोपलेला होता. धाकटीने वाकून तिच्या कानात सांगितलं, "हेच ते."

"हे?" थोरली म्हणाली. "एवढेसे?"

तिने खुर्ची जवळ न्यायला लावली. मग बराच वेळ ती त्या माणसाकडे बघत राहिली, त्याच्या कपाळाकडे, खोल गेलेल्या गालांकडे, छातीच्या वरखाली होण्याकडे. त्याची एक टाच चादरीबाहेर आली होती, शिडीच्या लोखंडाने घासून भेगाळलेली. थोरलीने खुर्चीतूनच पुढे वाकून, दोन वेळा दम खात, ती चादर ओढून त्याच्या पायावर नीट घातली.